वाकड्या हँडलची सायकल

परतुरात तेव्हा वाकड्या हँडलची सायकल एकच होती, आणि ती बँकेतल्या एका साहेबांची होती. नव्वदीची सुरुवात असेल. साहेब बाहेरगावचे, एकटे राहायचे, आणि रोज सकाळी हाफ पँट घालून वाटूरच्या रस्त्याने सुसाट निघायचे. मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, लोक म्हणत, एवढा पगार असून या माणसाला एसटीचं तिकीट काढायला काय होतं? सायकलीचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, टायर बोटाएवढं बारीक, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. माझ्या आईचं मत होतं की अर्धी सायकल कुणीतरी आधीच चोरून नेलेली आहे.

मला त्या सायकलीचं वेड लागलं होतं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. घरच्या काळ्या जाडजूड सायकलवरून मी साहेबांच्या मागे लागायचो. चढाला त्यांना गाठायचो, सपाटीला ते दिसेनासे व्हायचे. पुढे आमची ओळख झाली. कमरेतून कसं वाकायचं, दम कुठे राखायचा हे त्यांनी मला दाखवलं. एकदा म्हणाले की तुमच्याकडे पाय आहेत, फक्त सायकल नाही. हे मी पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगत होतो.

दिवाळीच्या आधी जालन्यात कॉलेजांची शर्यत असायची. जालन्याहून अंबड आणि परत. पहिले दोघे पुढे विभागाच्या शर्यतीला जायचे. कॉलेज संपलं की मला नाव देता येणार नव्हतं, आणि त्यानंतर मी थोरल्या भावासोबत मोंढ्यात कामाला उभं राहायचं हे घरात ठरल्यातच जमा होतं. म्हणजे माझ्या वाट्याला ही एकच शर्यत होती. काळ्या सायकलवर ती जिंकणं म्हणजे रेड्याला घोड्यांत पळवण्यातला प्रकार होता.

दसऱ्याच्या सुमाराला साहेबांची बदली झाली आणि ते सायकल विकणार असं कळलं. मी भावाच्या मागे भुणभुण लावली. वडील लवकर गेले होते, घर भावानेच ओढलं होतं. तो अडतीवर धान्य मोजणारा मापाडी होता, हिशोबाचा पक्का आणि हाताचा आखडता. चार दिवस त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाचव्या दिवशी आईने एक शेळी विकली, भावाने त्यात भर घातली आणि म्हणाला, एवढ्यात बसली तर घेऊ, नसता विषय बंद.

आमच्याकडे सौदा घरातला मोठा करतो. बैल असो, सोयरीक असो नाहीतर सायकल. धाकट्याने मध्ये तोंड घातलं की समोरचा भाव चढवतो, असा समज. म्हणून मी साहेबांच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली उभा राहिलो. समोर साहेब आणि भाऊ सायकलीपाशी उकिडवे बसले होते. साहेब काहीतरी दाखवत होते, भाऊ मान हलवत होता, पुन्हा वाकून बघत होता. मला वाटलं, काय घासाघीस करतोय पठ्ठ्या! बऱ्याच वेळाने तो सायकल हातात धरून आला. साहेबांनी सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात बसवली होती. मी त्याच्या पाया पडलो. निम्म्यात कशी दिली असेल, हे मी विचारलंच नाही. मोंढ्यातला माणूस आहे, जमलं असेल, बस.

घरी आल्यावर भावाने आईकडून बिब्बा आणि काळा दोरा मागून घेतला. हँडलच्या खाली, जिथे पुढचे पाइप एकत्र येतात, तिथे बिब्बा बांधून त्याने दोरा गुंडाळायला सुरुवात केली. वेढ्यावर वेढे, चांगली पट्टी होईपर्यंत. हा माणूस शनिवारी मारुतीसमोरून जाताना मानसुद्धा न वाकवणारा. आई चकित झाली. मला म्हणाला, "हा दोरा सोडू नको. गावाची नजर वाईट राह्यते." माझे डोळे भरून आले होते, हे आज सांगायला मला अजिबात आवडत नाही. पण भरून आले होते. भाऊ बोलत नाही, पण त्याच्या पोटात माया आहे, असं मला वाटलं. नजरेचा दोरा आमच्याकडे कुणी सोडून बघत नाही.

शर्यतीच्या दिवशी सायकल अशी पळाली की काय सांगू. अंबडला वळसा घातला तेव्हा मी तिसरा होतो. परतीला थोड्याच वेळात पुढच्याचं चाक माझ्या हातभर अंतरावर आलं. तो दमला होता, त्याचे खांदे हलत होते. पुढे उतार होता. उतारावर त्याला टाकायचं ठरवून मी खाली वाकलो आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. मग हातातलं हँडल एकाएकी माझं राहिलं नाही. पुढचं चाक एकीकडे गेलं, मी दुसरीकडे. खांद्याचं हाड मोडलं, समोरचे दोन दात गेले. सायकलीचा पाइप हँडलखाली पार तुटला होता आणि दोन्ही तुकडे त्या काळ्या दोऱ्यावर लोंबकळत होते. तुटल्या जागी अर्धी कड चकचकीत होती आणि अर्धी गंजून तांबडी झालेली. म्हणजे चीर जुनी होती.

अंथरुणावर पडून मी साहेबांना ज्या शिव्या घातल्या त्यांची आईलाही लाज वाटली. गोड बोलून गळा कापला, फुटकी सायकल गळ्यात मारून बदलीवर पळाला, असं मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो. भाऊ तिथेच असायचा. तो मला अंघोळ घालायचा, भाकरी दुधात कुस्करून स्वतःच्या हाताने भरवायचा. मी साहेबांना शिव्या दिल्या की तो खाली मान घालून पुढचा घास कालवायचा. एकदा म्हणालासुद्धा, "परक्या माणसाचा काय भरोसा." शर्यतीचं बोलणं आता घरात कुणी काढत नव्हतं.

थंडीत साहेब काही कामाने परतूरला आले. बँकेत कुणीतरी त्यांना माझं सांगितलं आणि ते थेट घरी आले. भाऊ मोंढ्यात होता. मी त्यांना बसासुद्धा म्हणालो नाही. फुटकी सायकल विकताना लाज कशी वाटली नाही, असं तोंडावर विचारलं. ते माझ्या गळ्यातल्या झोळीकडे, हाताकडे बघत राहिले. मग अगदी हळू बोलले.

"मी तुमच्या भावाचं बोट धरून त्या चिरेवर ठेवलं होतं. जालन्यात पाइप बदलून घ्या, तोवर जोरात चालवू नका, असंही म्हणालो. त्या चिरेमुळेच निम्मी किंमत लावली होती. भाऊ म्हणाले, मी त्याला सांगतो."

आई चहा घेऊन आली होती. ती कप तसाच हातात धरून उभी राहिली. साहेब उठून गेले. मी त्यांची माफी मागितली की नाही, ते मला आठवत नाही. एक मात्र आठवतं, की मला रडू आलं नाही. अंगातून कुणीतरी सगळं रक्त काढून घेतल्यासारखं वाटलं. परक्याने फसवलं तर माणूस शिव्या घालून मोकळा होतो. पण ज्याच्या हातून रोज घास खाल्ला, त्याला काय म्हणायचं?

संध्याकाळी भाऊ आला, हातपाय धुतले आणि रोजच्यासारखं ताट घेऊन माझ्यापुढे बसला. मी घासाला तोंड उघडलं नाही. म्हणालो, साहेब येऊन गेले. त्याने घास परत ताटात ठेवला.

"तेवढ्या पैशात दुसरी कोण देणार होतं तुला?" तो म्हणाला. "पाइप बदलायला उरलं न्हवतं काही. मला वाटलं, एक शर्यत तं निघंन."

"मंग मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तं तू घेतली नसती. मंग आयुष्यभर म्हणला असता, भावानं एक सायकल घेऊन दिली न्हाई."

आज माझे केस पांढरे झालेत. भाऊ थकलाय. आम्ही एकाच घरात राहतो, सणाला एकाच पंगतीत बसतो, लोकांना त्यात काही वेगळं दिसत नाही. त्याने माझ्यासाठी काय काय केलं, याची यादी माझ्यापेक्षा आई जास्त चांगली सांगायची, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. पण मला काय हवं होतं ते ओळखणारा माणूस, मी काय केलं असतं ते ओळखू शकला नाही. त्याने सांगितलं असतं, तरी मी तीच सायकल घेतली असती. तीच शर्यत धावलो असतो. फक्त त्या उतारावर ब्रेक दाबला असता, आणि पुढच्या चढाला त्या दमलेल्या पोराला गाठलं असतं.