सुपरवायझर शकुंतला

कारखान्यात शकुंतला मला कधी नावानं हाक मारायची नाही. ‘ए फुलंब्री, हात चालव,’ एवढंच. चिकलठाण्याच्या त्या औषधांच्या कारखान्यात ती पॅकिंगची सुपरवायझर होती आणि मी नवऱ्यानं टाकलेली, फुलंब्रीहून रोज एसटीनं येणारी कामगार. सगळ्या बाया तिला टरकून असायच्या. मीही.

‘बापानं लगीन लावून दिलं, मी दुसऱ्याच दिवशी चालत माघारी आले,’ हे ती हसत सांगायची. ते ऐकूनच मी तिच्यावर भाळले असेन.

पुढं तिनं मला आपल्या खोलीवर राहायला नेलं. तिथं ती माझे केस सोडायची, तेल लावायची आणि हलकेच मानेवर ओठ टेकायची. ‘भ्या वाटतंय व्हय गं?’ विचारायची. भीती वाटायची, पण तिनं थांबू नये असंही वाटायचं. माझ्या अंगाला काय हवंय, हे नवऱ्याच्या घरी कुणी विचारलं नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं.

हळूहळू सगळंच ती ठरवू लागली. साडी कुठली नेसायची, बोलायचं कुणाशी. एकदा मी न विचारता शेजारणीकडे हळदीकुंकवाला गेले. दुसऱ्या दिवशी ती मला आत ठेवून बाहेरून कुलूप लावून निघून गेली. संध्याकाळी परतली ती शहागंजच्या बाजारातून बांगड्या घेऊन. ‘माझ्याबिगर तुला हाय कोण?’ म्हणत स्वतःच्या हातानं चढवल्या. तरीही मी तिच्या कुशीत शिरले. का, ते आजही नीट सांगता येत नाही.

एकदा ‘मी जाते’ म्हणाले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘जा की. तुझ्या भावाला येऊन समदं सांगते.’

त्या धाकात बरेच दिवस काढले. शेवटी एका सुट्टीला फुलंब्रीला गेले आणि मीच सांगितलं. भाऊ भरल्या ताटावरून उठला. ‘पुन्हा या घरात पाय ठेवू नको,’ म्हणाला. आई एसटीपर्यंत मागं मागं आली. ‘तिथं तरी सुखात हाईस का?’ तिनं विचारलं. मी एसटीत चढले.

खोलीवर येऊन शकुंतलाला म्हणाले, ‘घरी सांगून आले सगळं.’ ती मटकन खाली बसली.

‘मग आता तुला धरून तरी कशानं ठेवू गं?’

मी पिशवी भरायला घेतली. मुद्दाम सावकाश भरत होते. ‘राहा’ एवढं म्हणाली असती, तर मी राहिले असते. ती नुसती बघत होती. शेवटी पिशवीत घालण्यासारखं काही उरलं नाही.