हिचा फोटो, कापसाच्या कागदावर

आमच्या घरात काळापांढरा फोटो म्हणजे माणूस गेलेला. बाहेरच्या खोलीत तसे चार आहेत: बाप, आई, थोरला भाऊ आणि एक काका. काकाच्या फ्रेममध्ये दुसराच कुणीतरी आहे अशी मला शंका आहे, पण हार त्यालाही घालतो. तर मी जेव्हा बायकोला सांगितलं की तुझा काळापांढरा फोटो छापून भिंतीवर लावणार, तेव्हा ती हातातली पळी तशीच वर धरून म्हणाली, "अवो, मी हाय ना अजून? का तुमाला लई घाई झालीय?"

घाई कसली! मी त्या फोटोच्या प्रेमात होतो. मुलानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्या गळ्यात आला. माझं शिक्षण चौथी, तीही ओढूनताणून. पण यंत्र मला घाबरतं. उभा जन्म भिवंडीत लूमवर काढला. आधी कारागीर, मग कापड तपासणारा. एक दिवस ही ओट्यावर सुके बोंबील साफ करत होती, मांजरानं एक पळवला आणि ही शिव्या देता देता हसायला लागली. समोरचा एक दात नाही, तोही दिसतोय, म्हणजे नसलेला दिसतोय. मी बटण दाबलं.

रंगीतमध्ये त्यात मागची निळी बादलीच दिसायची. रंग काढून टाकला आणि राहिली नुसती ही.

शेवटी तिनं अट घातली. "रविवारी माज्या दोगी भयनी येनार हायत. त्यांनी फोटो बगून हात जोडले, तर तुमचा कॅमेरा माळ्यावर. कायमचा."

"मान्य," मी म्हटलं. तोंडातून गेलेला शब्द मी परत घेत नाही. त्यापायी आयुष्यात बरंच नुकसान झालंय.

आमच्या सुनेचा घराच्या पुढच्या खोलीत छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, बारशाचे फोटो. मोठा प्रिंटरही आहे. मी तिला म्हटलं, छाप. ती म्हणाली, "बाबा, कागद कुठला?"

"कागद तो कागद."

"असं? मग कापड ते कापड का हो?"

हे पोरीनं बरोबर जागी मारलं. तिनं टेबलावर नमुन्याचे कागद मांडले आणि माझा दिवस असा काही गेला की मी जेवण विसरलो, जे आमच्या घराण्यात आजवर कुणी केलेलं नाही.

पहिला चकचकीत. काळा रंग असा खोल आला की विहिरीत वाकून बघावं. पण ट्यूब लावली आणि हिच्या गालावर ट्यूब! नाकावर ट्यूब! इकडून बघा, तिकडून बघा, बायको कमी आणि ट्यूब जास्त. दुसरा साधा, बिनचमकीचा, पातळ. त्यावर ही राखेची झाली. आमची माणसं रंगानं काळी, खाडीच्या उन्हातली, आणि त्या काळ्यात तांबूस उजेड असतो. तो या कागदानं पिऊन टाकला. ही नुसती आजारी दिसली. हे लावलं असतं तर मेहुण्यांनी हात जोडून वर खोबरंसुद्धा वाटलं असतं. तिसरा इतका पांढरा की निळा वाटायचा. हिचे केस साबणाच्या जाहिरातीतले. चौथ्यावर जाळी होती, तोंडावर गोधडीचे टाके.

पाचवा हातात घेतला आणि माझी बोटं थांबली.

"पोरी, यात कापूस आहे."

सुनेनं पाकीट वाचलं. "शंभर टक्के कापूस. तुम्हाला कसं कळलं?"

मला कसं कळलं! मी उठून खोलीत एक फेरीच मारली. चाळीस वर्षं ही बोटं कापडावर फिरली, काय उगाच? जाड, मऊ, आणि रंग बघा: लूमवरून उतरलेल्या, अजून धुलाईला न गेलेल्या कापडाचा. सायीसारखा. या रंगावर काळं माणूस जिवंत राहतं, हे मला छापायच्या आधीच दिसलं.

पाकिटात दोनच कागद होते.

सून म्हणाली, "बाबा, एकाच बाजूला शाई धरायचा लेप असतो. आधी बघूया कुठली..."

"मला शिकवू नको. सुलट बाजू मी अंधारात सांगेन." कापडाला सुलट बाजू असते, ती हाताला गुळगुळीत लागते. मी गुळगुळीत बाजू वर केली आणि घातला. कागद सरसरत आत गेला, बाहेर आला, आणि बायको चिखलात. डोळे पसरलेले, दात एकच काय, आठ नाहीत असं वाटावं. लेप दुसऱ्या बाजूला होता.

सुनेनं तो वाया गेलेला कागद उचलून माझ्यापुढे ठेवला.

आता एक कागद, एक कॅमेरा आणि उद्या रविवार.

थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "बाबा, रागावू नका. लोक म्हणे ओठाला लावून बघतात. लेपाची बाजू चिकटते."

आणि मी हसायलाच लागलो. इतका, की ती घाबरली. अगं, ओठ! जुन्या लूमवर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या बारीक भोकातून धागा काढायला आम्ही भोकाला तोंड लावून श्वास ओढायचो. दिवसातून कितीदा, मोजलं नाही. बोटांवर एवढी मिजास केली, आणि शहाणा होता ओठ, त्याला कुणी विचारलंच नाही! मी कागदाचा कोपरा ओठाला लावला. एक बाजू कोरडी सुटली. दुसरी किंचित धरून राहिली.

"ही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. पण तूही लाव एकदा." आयुष्यात पहिल्यांदा मी दुसरं मत घेतलं. तिनं लावला. "हीच."

प्रिंटरनं फार वेळ घेतला. आधी केस आले, मग कपाळ, मग डोळे, आणि हसू आलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. कागद वाळेपर्यंत मी त्याच्यावर पहारा केला. मांजराला घरात बंदी. त्याचा फोटोत वाटा होता, पण माफी नाही.

रविवारी मेहुण्या आल्या. फोटो समोरच. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून उभी, पंच असल्यासारखी. थोरली मेहुणी फोटोपुढे गेली. थांबली. आणि तिचे दोन्ही हात वर यायला लागले.

मला माळ्याची शिडी दिसायला लागली.

हात चष्म्याला गेले. चष्मा नीट बसवून ती पुढे वाकली आणि ओरडली, "अगं ए! हे असं बोंबील साफ करतात? शेपट्या तशाच हायत की!"

"काडल्या हुत्या मी!" बायको दारातून धावली.

"ह्या काय मंग? दाजी, बगा, शेपटी दिसते का न्हाय?"

"स्पष्ट दिसते," मी म्हटलं. दिसणारच. कागद कुणी निवडला?

धाकटी म्हणाली, "आन् त्वांड तरी मिटायचंस गं बाय, सगळ्या गावाला खिंडार दावलंस."

मेलेल्या माणसाला कुणी टोमणे मारत नाही. तिघी फोटोपुढे भांडत होत्या आणि मी चहावर चहा पीत होतो, तिसरा कप कुणाचा होता ते आजही माहीत नाही.

त्या गेल्यावर बायकोनं आपला हात फोटोजवळ धरला. आमच्या लग्नाच्या फोटोत स्टुडिओवाल्यानं ब्रशनं हिला गोरी केली होती. तो फोटो तिनं ट्रंकेच्या तळाशी टाकलाय. हात कधी गालाजवळ, कधी गळ्याजवळ नेत तिनं बराच वेळ ताडून पाहिलं.

"माजाच रंग हाय," ती म्हणाली.

मग फोटो उचलून तिनं स्वतःच त्या चौघांपासून लांब, स्वयंपाकघराच्या दारापाशी लावला. "तिकडं हारवाल्यांत नको."

"आणि कॅमेरा?"

"ऱ्हाऊ दे खाली. तुमचा कवा छापताव?"

"कापसाचा कागद संपला. मागवायला लागेल."

"मागवा. आन् या खेपेला आधी व्हटाला लावा," ती म्हणाली. सुनेनं तिला सगळं सांगितलं होतं.