मामांची हाक

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात मान दिला तो फक्त एका कुत्र्याला. सरपंच दारात आला तरी ते बसल्या जागचे हलत नसत. कंपनीतल्या फोरमनला ते "काय रं" म्हणत. मी तर पडलो भाचजावई. मलाही अरे-तुरे, आणि माझ्यासाठी घोंगडीचं टोकसुद्धा सरकत नसे. पण पाखऱ्या ओसरीवर चढला की मामा उठून बाजूला होत. लांब पायांचा, पोट पाठीला लागलेला, सशामागे सुटला की दिसेनासा होणारा हा कुत्रा दुपारी घोंगडीवर झोपे आणि मामा जमिनीवर. दुपारपाळीला निघताना ते त्याच्यापुढे उकिडवे बसून सांगत, "दुसरी पाळी हाय. यायाला उशीर व्हईल." मामी म्हणे, "मी इचारलं तर म्हनत्यात, कुत्र्याला सांगितलंय की."

तेव्हा पिंपरीला कंपन्या नुकत्या उभ्या राहत होत्या आणि चाकण म्हणजे कांद्याचा बाजार, पलीकडे नुसता माळ. ससा मारायला कोणाची बंदी नव्हती. बाकीचे शिकारी कुत्र्याला उपाशी ठेवून, काठीने शिकवत. मामांची शाळा निराळी. पाखऱ्या आणला तेव्हा महिनाभर त्यांनी त्याला बोट लावलं नाही. रोज संध्याकाळी त्याच्याकडे पाठ करून, गुडघ्यावर भाकरीचा तुकडा ठेवून बसायचे. मी म्हटलं, "मामा, रुसलात का कुत्र्यावर?" म्हणाले, "गप ऱ्हा. आदी त्येनं मला पारखावं. माजी पाळी मागनं." ज्या दिवशी त्याने मागून येऊन तुकडा उचलला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी कंपनीत पेढे वाटले.

आणि त्यांची ती हाक. जीभ टाळूवर आपटून काढलेले दोन ठोके. हाक मारली की काहीतरी द्यायचंच, भाकरी नाहीतर पाठीवर हात, हा त्यांचा नियम. एकदा गंमत म्हणून मी तसाच आवाज काढला. पाखऱ्या शेताच्या टोकावरून पळत आला आणि माझे रिकामे हात हुंगत राहिला. मामांनी मला, दिवाळीला आलेल्या जावयाला, "ऊठ रं" म्हणून चुलीजवळ पाठवलं. भाकरी आणून त्याला भरवेपर्यंत मला चहा मिळाला नाही. बायको तोंडाला पदर लावून हसत होती, आणि हसू मलाही आलं होतं.

त्या कंपनीत मी टाइम ऑफिसात कारकून. मामांना मीच चिकटवलं होतं, पण टेंपररी. काही महिने काम, मग ब्रेक. वय चाळिशीपार गेलेलं. कायम झाले नसते तर पुढे कोणी घेणार नव्हतं. आमच्या एका साहेबांना बंदुकीचा नाद होता. मामांची ओळख व्हावी म्हणून मीच त्यांना माळावर नेलं. साहेबांना मामा दिसलेच नाहीत, कुत्रा दिसला. मला म्हणाले, "हा मला मिळवून द्या. तुमच्या मामांचं मी बघतो."

मी मामांच्या मागे लागलो. कुत्रा काय दुसरा मिळेल, म्हणालो. आठ दिवस गेले. मग म्हणाले, "तू म्हंतोस म्हंजी बरूबर आसंल. तू शिकल्याला हायेस."

रविवारी सकाळी जीप आली. ड्रायव्हर साखळी घेऊन उतरला तसा पाखऱ्या लांब बांधावर जाऊन उभा राहिला. परक्याच्या हाती तो लागणार नव्हता. साहेब घड्याळ बघू लागले. मीच म्हणालो, "मामा, हाक मारा." मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि जिभेचे दोन ठोके दिले. पाखऱ्या सुसाट आला, सरळ त्यांच्या पायाशी. त्यांनी नियमाप्रमाणे पाठीवर हात ठेवला आणि ड्रायव्हरने साखळी अडकवली. जीपमध्ये तो भुंकला नाही, मामांकडे बघत राहिला.

महिन्याभरात कायमची ऑर्डर आली. साहेबांनी शब्द पाळला, हे कबूल करायला हवं. त्याच आठवड्यात पाखऱ्याही आला, गळ्यात तुटकी साखळी घेऊन. साहेबांनी परत मागितला नाही. त्यांची हौस फिटली होती. पण तो ओसरीवर चढला नाही. बांधावरच्या बाभळीखाली बसायचा, मामीने टाकलेलं खायचा. मामांनी हाक मारली की कान उभे करायचा, बघायचा आणि बसून राहायचा. मामा पुन्हा हाक मारत नसत. पाळी नसेल त्या संध्याकाळी त्याच्याकडे पाठ करून, गुडघ्यावर तुकडा ठेवून बसत. पाखऱ्या मरेपर्यंत तीन वर्षं हे चाललं. तो तुकडा कावळेच नेत.

मामांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर मी गेलो की ते उठून उभे राहत, घोंगडी झटकून अंथरत आणि म्हणत, "या जावयबापू, बसा." स्वतः थोडं लांब, जमिनीवर बसत. चहा लगेच येई. मला मात्र अजून वाटतं, एकदा तरी त्यांनी "ऊठ रं" म्हणून मला चुलीजवळ पाठवायला हवं होतं.