आबांचे हात

ईरा आणि कबीर,

काल व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबाने ईराचं कोपर कॅमेऱ्यासमोर धरलं. प्लास्टर निघालंय, पण हात सरळ होत नाही. "आई, तेल लावून जरा चोळून देऊ का?" असं त्याने विचारलं, आणि मी इतक्या जोरात "नाही" म्हणाले की कबीरच्या हातातला चमचा पडला. का ओरडले ते सांगायच्या आत तुमची शाळेची बस आली. म्हणून हे लिहितेय. बाबाकडून वाचून घ्या, म्हणजे त्याचंही वाचन होईल.

तुम्हाला माहीत आहे, मी खेळात दुखापत झालेल्या मुलांची फिजिओथेरपिस्ट. हाड जोडणं हे डॉक्टरांचं काम. जोडलेलं हाड घेऊन मुलाला परत मैदानावर पोचवणं हे माझं.

बिबवेवाडीच्या आमच्या क्लिनिकमध्ये सानिका आली तेव्हा अकरा वर्षांची होती. दोरीचा मल्लखांब करायची. टांगलेली दोरी पायाच्या बोटांत पकडून वर जायचं आणि अधांतरी आसनं करायची. उतरताना पडली आणि कोपरापाशी हाड मोडलं. ते नीट जोडलं गेलं. प्लास्टर निघाल्यावर हात सरळ व्हायला तीस अंश कमी पडत होते. त्यात विशेष काही नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात पन्नास कमी पडायला लागले. कोन मोजायची पट्टी मी तीनदा लावून पाहिली.

"घरी व्यायाम करतेस ना?"

"हो. आबा करून घेतात. रोज दोनदा."

आबा म्हणजे तिचे आजोबा. कसबा पेठेतल्या तालमीत आयुष्य गेलेले पैलवान. पहिल्या दिवशी हेच उत्तर ऐकून मी खूश झाले होते. पुढे काही विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"करून घेतात म्हणजे नक्की काय?"

"गरम तेलाने रगडतात. मग हात दाबून सरळ करतात. मी रडत नाही," सानिका अभिमानाने म्हणाली.

क्लिनिकच्या हाडांच्या डॉक्टरांनी, आमच्या सरांनी, एक्स-रे काढला. कोपराच्या पुढच्या बाजूच्या स्नायूत ढगासारखा पांढुरका डाग होता. ते हाड होतं. लहान मुलाच्या दुखऱ्या कोपराला चोळलं, ताणलं, की कधी कधी स्नायू नको तिथे हाड बांधायला लागतो.

"कापून काढायचं?" मी विचारलं.

"आत्ता कापलं तर परत येईल, कदाचित जास्तच. थांबायचं. कोणीही हात लावायचा नाही," सर म्हणाले.

"आणि तसंच राहिलं तर?"

"तर दोरी विसरायची."

आबांना बोलावलं.

"मॅडम, निम्म्या पेठेचे खांदे मी बसवलेत," ते म्हणाले.

"त्यातली अकरा वर्षांची कोपरं किती?"

मी एक्स-रे खिडकीशी धरून तो ढग दाखवला. त्यांनी त्यावर बोट टेकवलं.

"हे मी केलं?"

"मीही. मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं."

"मग आता मी काय करू?"

"काहीच नाही. तेच सगळ्यात अवघड आहे."

काही आठवडे हात गळ्यात अडकवलेल्या पट्ट्यात राहिला. मग सानिकाने स्वतःचा हात स्वतःच हलवायचा, दुखायच्या आत थांबायचं. दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावायचे, एवढाच व्यायाम. आबा समोर खुर्चीत बसायचे. तिचा हात अडकला की त्यांचे हात पुढे यायचे. शेवटी त्यांनीच उपाय काढला. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायला लागले.

"आबा, मुंग्या येतील," सानिका म्हणायची.

"येऊ देत. तू चिमटा लाव."

आठ महिन्यांनी नवा एक्स-रे आला. मी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी धरल्या. ढग जवळजवळ गेला होता. औषध नाही, सुरी नाही. त्या एवढ्याशा शरीराने चुकून बांधलेलं हाड स्वतःच कणाकणाने उचलून नेलं होतं, आणि खालचं खरं हाड जसंच्या तसं ठेवलं होतं. कुठलं न्यायचं आणि कुठलं ठेवायचं, हे त्याला कोणी सांगितलं? सगळ्याच मुलांचं असं विरघळत नाही. इतकी वर्षं हे काम करूनही त्या दिवशी मला पुढच्या पेशंटला आत बोलवायचं सुचेना. आबांनी फिल्मला नमस्कार केला. मी हसले नाही.

तेव्हापासून नवीन मूल आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: घरी हात कोण लावतं? व्यायामाचं नंतर विचारते. प्रेम करणारी माणसं थांबत नाहीत, म्हणून त्यांनाही एक काम लिहून देते: बसून राहणे.

बाबाला सांगा, त्याचंही काम तेच. ईराचा हात ईराच हलवेल.

सानिकाचं कोपर आजही पाच अंश कमी सरळ होतं. ती दोरीवर चढते. आबा सरावाला येतात, बाकावर बसतात, आणि त्यांचे हात अजूनही मांडीखाली असतात.