द्रुत लयीतला उंदीर

घरात ऐकायला कोणी नसलं की किस्से फार आठवतात. माणसं असली की ते बोलण्यात खर्च होऊन जातात. मी निवृत्त चित्रकला शिक्षक. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, लेक सासरी. त्यामुळे माझ्याकडे साठा भरपूर!

आज सांगतो ते भिवंडीच्या आमच्या शाळेतले, स्टाफरूममधले. नव्वदच्या आगेमागे घरोघरी टीव्ही आले होते. पोरं सगळं जग त्या पडद्यातूनच बघायची. पंचाईत अशी, की हळूहळू आम्हालाही तसंच दिसायला लागलं.

*

पाटील सर पी.टी. शिकवायचे. खारबावचे, अंगानं दांडगे. एका रविवारी ते मुलाला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेले. पोरगा अंतराळवीरांची मालिका बघणारा. वाफा बघून काठावरच अडला.

"बाबा, ह्यो दुसरा ग्रह हाय. आधी एक माणूस पाठवून बघाचा असतो."

"मंग जा ना तू!"

"मी कॅप्टन हाय. कॅप्टन न्हाय जात."

शेवटी पाटील सर उतरले. मान वळवून बघतात तर पोरगा ताठ उभा, कडक सॅल्यूट, आणि डोळ्यांत खरं पाणी!

सोमवारी सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "अंघोळीला गेलो व्हतो राव, पोरानं शहीदच करून टाकला!"

सगळे हसले. मग सर म्हणाले, "माझा बाप गेला तवा मला न्हाय रडता आला. ह्याला कसा जमतं?"

*

ह्याच पोराला त्यांनी पुढे मुंबईचं म्युझियम दाखवलं. तोवर तो व्हिडिओ गेमच्या नादी लागलेला. नाक तुटलेली, एक हात गेलेली दगडी मूर्ती बघून म्हणाला, "ह्याची एकच लाइफ उरलीय."

पाटील सर सांगायचे, "हजार वर्सं उभा हाय तो देव. पण तवापासून मला त्याची काळजीच वाटते!"

*

साठे बाई मराठीच्या. गाण्याच्या वेड्या. मिस्टरांना गाण्याची ॲलर्जी, म्हणून मुलीला घेऊन ठाण्याला मैफिलीला जायच्या. गवईबुवा द्रुत लयीत शिरले, तान वरून खाली, खालून वर सुटली. मुलगी बाईंच्या कानाला लागली. "आई, आता उंदीर टेबलाखाली गेला... मांजर धडकलं... उंदीर पुन्हा वर!"

तिचं ते आवडतं कार्टून. बाईंनी चिमटा काढला, पण उशीर झाला होता. पुढच्या तानेला त्यांनाही उंदीर दिसला!

"गायकवाड सर, माझं गाणं नासवलं हो कार्टीनं!" असं त्या मला दर मैफिलीनंतर सांगायच्या.

पुढे मुलगी शिकायला पुण्याच्या होस्टेलवर गेली. बाई एकट्याच मैफिलीला गेल्या. द्रुत सुरू झालं, तान सुटली, उंदीर आला. बाईंना हसू फुटलं आणि सवयीनं त्यांनी शेजारच्या खुर्चीला कोपर मारलं.

खुर्चीतले अनोळखी गृहस्थ म्हणाले, "श्श!"

ते गाणं मात्र बाईंनी कधी नासलं म्हणून सांगितलं नाही.

*

सहावीला मी चित्राला विषय दिला, 'माझा प्रवास'. चाळीस पोरांच्या वर्गात निम्म्यांनी टीव्हीवरचा उडणारा हिरो काढला. शबाना नावाच्या मुलीनं तर आपल्या बापालाच लाल केप घालून आभाळात सोडला होता. खाली छोटी छोटी घरं, त्यातल्या एका दारात म्हातारी. बाप यूपीचा, लूमवर कामाला.

मी विचारलं, "अब्बा उडतायत कशाला गं?"

"सर, दादी बीमार है. ट्रेन से जाएँ तो छुट्टी कम पड़ती है. उड़ के जाएँगे तो शिफ्ट तक वापस."

पालकसभेला बाप आला. कपड्यांवर कापसाची पांढरी लव. चित्र घेऊन खिडकीपाशी उजेडात गेला. मग म्हणाला, "सर, मेरी मूँछ अच्छी बनाई है."

जाताना दारातून परत वळला. "ये मैं ले जाऊँ? गाँव भेजना है."

*

आता माझा. माझी बायको नर्स होती. ती गेली तेव्हा आमची लेक मीनल आठ वर्षांची. वर्षभर आम्ही दोघं घरात तिच्याविषयी एक शब्द बोललो नव्हतो. सुट्टीत मीनलला अजिंठ्याला नेलं. जन्मभर वर्गात त्या चित्रांचे छापील फोटो दाखवत आलो होतो, प्रत्यक्ष बघायची ही पहिलीच वेळ. मला वाटलं, आत गेल्यावर मला रडू येईल.

मीनलनं भिंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, हे कॉमिक्स आहे! फक्त चौकटी काढायला विसरलेत."

मग ती सुटली. राजा काय म्हणतो, हत्ती काय म्हणतो, माकड काय म्हणतं, सगळ्यांचे बोलण्याचे फुगे भराभर भरत गेली. दिवा धरणारा पहारेकरीही हसायला लागला. मीही हसत होतो.

एका चित्रापाशी ती थांबली. मान कललेली एक आजारी राणी, भोवती काळजीत पडलेल्या बायका.

"ही काय म्हणतेय?" मी विचारलं.

"हिचा फुगा बोलण्याचा नाही, पप्पा. ढगासारखा असतो ना, तसला. मनातला. तो बाजूच्या माणसांना दिसत नाही."

"मग तुला दिसतो?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"काय लिहिलंय?"

ती भिंतीकडेच बघत राहिली. "'मीनल, पप्पा जेवतात का गं नीट?'"

पहारेकऱ्यानं दिवा हळूच खाली केला.

"साहेब," तो म्हणाला, "जेवले का तुम्ही?"