वाढायला ठेवलेलं रक्त

मी मूळची साताऱ्याची. नव्वदच्या दशकात सांगलीच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लागले आणि रक्ताच्या कल्चरचं काम माझ्याकडे आलं. ताप उतरत नसलेल्या पेशंटचं रक्त बाटलीतल्या पातळ द्रावणात टाकायचं, बाटली उबेच्या कपाटात ठेवायची आणि रक्तात जंतू असतील तर ते वाढायची वाट बघायची. वाढले की बाटली गढूळ होते. मग जंतू कुठला, तो कशानं मरतो, हे शोधता येतं. द्रावण आम्हीच शिजवायचो, बाटल्याही आम्हीच धुवायचो. डॉक्टरनं कातडी नीट न पुसता सुई टोचली की कातडीवरचे भलतेच जंतू बाटलीत वाढायचे आणि सगळी मेहनत पाण्यात जायची. असल्या डॉक्टरांना मी तोंडावर बोलायचे, म्हणून वॉर्डात मला खाष्ट म्हणत. होतेच मी खाष्ट.

कोयनानगरकडचा एक फौजी सुट्टीवर आला होता. बायको बाळंत झालेली, मूल धडधाकट, तिला मात्र ताप. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरनं तिचं रक्त काढलं. हे कशाला, असं फौजीनं विचारल्यावर तो चालता चालता म्हणाला, "लॅबमध्ये वाढायला लावलंय." आमच्यात असंच बोलायची सवय, जंतू हा शब्द कुणी उच्चारायचंच नाही. तिच्या अंगात रक्त कमी आहे, हे नर्सनं त्याला सकाळीच सांगितलं होतं. त्यानं दोन्ही गोष्टी जुळवून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी तो लॅबच्या खिडकीशी हजर. "ताई, वाढलं का वो?"

"अजून नाही."

"वाढलं की बाटलीच देता, का किटली आनू?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्याला समजावलं, की हे रक्त परत द्यायचं नसतं, यात रोगाचे जंतू आहेत का ते बघतोय. तो ताठ उभा राहून ऐकत होता. तेवढ्यात लॅबचे मोठे साहेब आतून आले. "तिचं काय ऐकतोस? बाटल्या धुणारी बाई ती. रक्त झकास वाढतंय तुझ्या बायकोचं. पेढे तयार ठेव."

"व्हय साहेब," म्हणून तो गेला. फौजेतला माणूस, एकीकडे साहेब आणि एकीकडे बाई म्हटल्यावर तो कुणाचं ऐकणार? साहेब आत जाऊन पोट धरधरून हसले.

मग त्या चेष्टेला ऊत आला. वॉर्डातला तरुण डॉक्टर त्याला सांगायचा, "आज बोटभर वाढलं." साहेब म्हणायचे, "विरजण लागलंय, हलवायचं नाही." बिचारा लॅबवरून जाताना पावलंसुद्धा हळू टाकायचा. शिकलेल्या माणसांचा एवढा तिटकारा मला आयुष्यात पुन्हा आला नाही.

तापानं तिचं रक्त आणखी उतरलं, तसं बाहेरून रक्त चढवायचं ठरलं. रक्तपेढी बदली रक्त दिल्याशिवाय बाटली देत नसे. फौजीला नुकताच मलेरिया होऊन गेलेला, त्याचं चालत नव्हतं. त्याचे दोघे भाऊ गावाहून एसटीनं रक्त द्यायला आले, आणि यानं त्यांना परत पाठवलं. नर्स रागारागानं मला ते सांगायला आली, तशी मी वॉर्डात धावले.

"भावांना का घालवलं?"

"आवं ताई, तिचंच वाढतंय की. दुसऱ्याचं कशाला घालायचं तिच्या अंगात? त्यास्नी ऊसतोडीची घाई हुती."

मी त्या तरुण डॉक्टरला दंडाला धरून फौजीसमोर उभं केलं. "सांग याला. आत्ताच्या आत्ता सांग."  डॉक्टरनं खाली मान घालून सांगितलं. फौजी गावात फोन करायला पळाला. भाऊ तोवर एसटीत होते, निरोप त्यांना गावी उतरल्यावरच मिळाला. ते परत फिरून सांगलीत पोचेपर्यंत ती गेली.

तिची बाटली त्याच सकाळी गढूळ झाली होती.

दुपारी तो खिडकीशी आला. "ताई, ती बाटली द्या. तिचं हाय ते, तिच्यासंगं जाऊ दे."

बाटली बाहेर देता येत नव्हती, आणि त्याला आणखी एक थाप मारणं मला जमणार नव्हतं. मी म्हणाले, "दादा, बाटलीत आता तिचं काही राहिलेलं नाही. जे वाढलंय ना, त्यानंच तिला नेलं."

 तो म्हणाला, "म्हंजी इतके दिस म्या त्येच वाढू दे म्हनून देवाला हात जोडत हुतो?"

आतून साहेबांचा आवाज आला, "खिडकी लावा, वाऱ्यानं स्पिरिटच्या दिव्याची ज्योत हलतेय."

मी लावली नाही. मग साहेब स्वतः उठून आले आणि त्यांनी ती त्याच्या तोंडावर लावून घेतली.