भवानी होईपर्यंत चार्जर बदलून मिळणार नाही

ग्रुपवर तुमचं मत हवं आहे, कारण माझं अजून ठरत नाही.

काल राजारामपुरीतून मोबाईलचा चार्जर घेतला. आज सकाळी लावला, तर बंद. मल्टिमीटरवर आउटपुट शून्य. दुपारी पुण्याच्या कंपनीतून मुलाखतीचा फोन येणार होता आणि बॅटरी संपत आली होती. दुकान उघडताच गेले.

दुकानदार काकांनी चार्जर हातातही घेतला नाही.

"बदलून देतो की ताई. पर भवानी व्हायची हाय अजून. पहिलंच गिऱ्हाईक माल परत घेऊन आलं की दिवस वाया जातोय."

"म्हणजे पहिली विक्री होईपर्यंत मी थांबायचं?"

"व्हय. बसा, च्या सांगतो."

एक आजोबा आले. त्यांना वरच्या दवाखान्याचा जिना हवा होता. नंतर दुपार होत आली तरी कोणीच नाही. बॅटरी संपत आल्याचं सांगत मोबाईल वाजायला लागला.

शेवटी विचारलं, "सगळ्यात स्वस्त काय आहे?"

त्यांनी एक कव्हर काढलं. ते माझ्या मोबाईलला बसणार नाही, हे दोघांनाही दिसत होतं. मी पैसे दिले. काकांनी नोट कपाळाला लावली आणि लगेच नवा चार्जर स्वतः तपासून दिला.

"आता घरी कुठं जाताय? हितंच लावा."

मुलाखत त्यांच्याच काउंटरवर दिली. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना काकांनी पायरीवरच थांबवलं. "ताईंची मुलाखत चाललीया, जरा दम धरा."

सदोष माल बदलून मिळणं हा माझा हक्क होता आणि त्यासाठी मला आणखी एक वस्तू विकत घ्यावी लागली. घरी येऊन तक्रार लिहायला बसले. दुकानाच्या नावापुढे काही सुचत नाही.

तुम्ही काय लिहिलं असतं?